घरी ध्वनिमुद्रित केलेल्या अभंगाचे मिक्सिंग आणि मास्टरिंग

घरच्या घरी ध्वनिमुद्रण करू लागलेल्या माणसाने मिक्सिंग कशावर शिकावे, असे मला विचारले, तर मी अभंगावर शिकावे असे सांगतो. गायकाचा आवाज, पेटी, तबला, टाळ आणि तानपुरा एवढे पाचच ट्रॅक असतात आणि ही वाद्ये हातभर अंतरावरून कशी वाजतात हे भजनाला बसलेल्या कोणालाही ठाऊक असते, त्यामुळे संगणकातून येणारा आवाज खरा की खोटा हे कान लगेच सांगू शकतात. शिवाय अभंगात शब्द ऐकू आला नाही, तर बाकी सारे व्यर्थ ठरते. शब्दाला जागा करून देणे हेच मिक्सिंग करणाऱ्याचे मुख्य काम आहे आणि त्यातले बरेचसे काम माइकची जागा आणि फेडरची (ट्रॅकचा आवाज कमी-जास्त करणाऱ्या सरकत्या दांडीची) पातळी यांनीच होते, हे मी पुन्हा पुन्हा अनुभवले आहे.

मिक्सिंग म्हणजे या पाच ट्रॅकची पातळी, दिशा, सूरपट्ट्यातील (फ्रिक्वेन्सीमधील) जागा आणि भोवतालचा अवकाश ठरवून त्यांचे एक गाणे करणे. मास्टरिंग म्हणजे ते तयार झालेले गाणे श्रोत्यापर्यंत पाठवण्याआधी त्याची एकूण पातळी आणि तोल पारखणे. पहिल्यात राहिलेली चूक दुसऱ्यात सुधारता येत नाही, म्हणून या लेखात मास्टरिंगच्या वाट्याला थोडीच जागा आली आहे.

आधी खोली

आपल्याकडच्या सदनिकांमधली शेजघराची खोली पुष्कळदा दहा बाय दहा फुटांची असते आणि छतही जवळपास तेवढ्याच उंचीवर असते. ध्वनीचा वेग सेकंदाला सुमारे ३४३ मीटर धरला, तर १० फूट म्हणजे ३.०५ मीटर अंतरावरच्या दोन समांतर भिंतींमध्ये साधारण ५६ हर्ट्झची लहर अडकून घुमू लागते आणि तिच्या दुप्पट, म्हणजे ११२ हर्ट्झवरही तेच घडते. लांबी, रुंदी आणि उंची सारखीच असल्यामुळे तिन्ही दिशांचा घुमारा एकाच ठिकाणी साठतो. डग्ग्याचा आवाज साधारण याच पट्ट्यात असल्याने अशा खोलीत सर्वात आधी फसवतो तो डग्गाच. कोपऱ्यात उभे राहिले तर तो अंगावर येतो; खोलीच्या मधोमध बसले तर ५६ हर्ट्झच्या आसपासचा भाग जवळजवळ नाहीसा होतो.

माझा पहिला अभंग मी खोलीच्या बरोबर मध्यावर टेबल ठेवून मिक्स केला. डग्गा कमी वाटला म्हणून वाढवत गेलो. दुसऱ्या दिवशी तेच गाणे मोटारीत लावले, तेव्हा गायकाचा आवाज डग्ग्याखाली पूर्ण बुडालेला होता. त्यानंतर मी टेबल समोरच्या भिंतीकडे सरकवले आणि माझे डोके त्या भिंतीपासून चार फुटांहून थोडे कमी, म्हणजे खोलीच्या लांबीच्या सुमारे ३८ टक्के अंतरावर येईल अशी बैठक ठरवली. दोन स्पीकर आणि आपले डोके यांचा समभुज त्रिकोण व्हावा, स्पीकर कानांच्या उंचीवर असावेत आणि डाव्या-उजव्या भिंती दोन्ही स्पीकरपासून सारख्या अंतरावर असाव्यात, एवढे पाळले तरी ऐकण्यात मोठा फरक पडतो.

भिंतीवर गोधड्या किंवा रजया टांगण्याचा उपाय अनेक जण करतात. त्याचा उपयोग आहे, मात्र तो वरच्या पट्टीतल्या आवाजांपुरता. टाळांची झणझण आणि स-श यांचे भिंतीवरून येणारे परावर्तन गोधडी शोषते, पण ५६ हर्ट्झच्या लहरीची लांबी सहा मीटरांहून अधिक असल्यामुळे तिला दोन इंचांचे कापड जाणवतही नाही. भरलेले कपाट, जाड गादी आणि पुस्तकांची मांडणी कोपऱ्यांत ठेवली, तर थोडा फरक पडतो. खनिज लोकरीचे चार ते सहा इंच जाडीचे पट्टे भिंतीपासून थोडे सोडून कोपऱ्यांत उभे केले, तर अधिक पडतो. तरीही खालचा पट्टा पूर्ण सुधारत नाही. म्हणून डग्ग्याचा अंतिम निर्णय हेडफोनवर ताडून पाहिल्याशिवाय घेऊ नये. ध्वनिमुद्रणाच्या वेळी माइकमध्ये आवाज गळू नये म्हणून बंद पाठीचे हेडफोन लागतात; मिक्सिंगसाठी मात्र शक्य झाल्यास उघड्या पाठीचे घ्यावेत, कारण त्यांतला आवाज अधिक मोकळा असतो आणि कानही कमी थकतात.

ध्वनिमुद्रण करतानाच होणारे मिक्सिंग

पंखा बंद, फ्रिज शक्य असल्यास बंद, खिडक्या बंद, आणि स्वयंपाकघरातला कुकर उतरेपर्यंत थांबणे ही पूर्वतयारी घरच्या ध्वनिमुद्रणात अपरिहार्य आहे. एखाद्या ट्रॅकमध्ये खर्जातली संथ गुणगुण ऐकू आली, तर ती बहुधा ५० हर्ट्झच्या वीजपुरवठ्याची असते आणि १००, १५० हर्ट्झवरही तिचे पडसाद सापडतात. तारा बदलून, चार्जर काढून ती मुळातच घालवावी, कारण ती नंतर कापताना डग्ग्याचा आणि पुरुष गायकाच्या खर्जाचाही काही भाग जातो.

ध्वनिमुद्रण २४ बिट आणि ४८ किलोहर्ट्झवर करावे. डिजिटल मोजपट्टीत शून्य हे छत आहे आणि त्याला टेकलेला आवाज फुटतो. फुटलेला आवाज पूर्ववत होत नाही. प्रत्येक बिटमागे सुमारे ६ डेसिबल धरले, तर २४ बिटांत सैद्धांतिकदृष्ट्या १४४ डेसिबलचा पल्ला मिळतो, त्यामुळे पातळी छताजवळ नेण्याचे काही कारण उरत नाही. गायकाची सरासरी पातळी उणे १८ डेसिबलच्या आसपास आणि तारसप्तकातल्या सर्वात मोठ्या जागा उणे १० ते उणे ६ च्या दरम्यान राहतील असा गेन (माइकचा आवाज वाढवण्याचे प्रमाण) ठेवावा. तालमीत गायक जेवढ्या जोराने गातो, त्यापेक्षा प्रत्यक्ष ध्वनिमुद्रणात तो नेहमी अधिक मोकळा होतो, हे लक्षात ठेवून थोडी सवड सोडावी.

गायकाचा माइक तोंडापासून १५ ते २० सेंटिमीटरवर, किंचित बाजूला वळवून आणि मध्ये पॉप फिल्टर ठेवून लावावा. प, फ, भ यांचा हवेचा झोत थेट माइकवर आदळला की जो धप्प आवाज येतो, तो अभंगातल्या शब्दाचा अर्थच विस्कटून टाकतो. गायक स्वतःच पेटी वाजवणार असेल, तर माइकची पाठ पेटीकडे येईल अशी मांडणी करावी, कारण कार्डिऑइड (मुख्यतः समोरून ऐकणारा) माइक पाठीमागून सर्वात कमी ऐकतो. पेटीसाठी वेगळा माइक असल्यास तो भात्यापासून दूर, पट्ट्यांच्या वर ३० ते ४५ सेंटिमीटरवर ठेवावा, म्हणजे भात्याचा श्वास आणि पट्ट्यांची टकटक सुरांवर चढत नाही.

तबल्याविषयी एक गोष्ट आग्रहाने सांगावीशी वाटते. चंद्रशेखर वेंकट रामन यांनी १९२० मध्ये दाखवून दिले की, शाईच्या वजनामुळे आपल्या तालवाद्यांच्या पुडीतून निघणारे उपस्वर मूळ स्वराच्या जवळपास पूर्णांकी पटीत येतात आणि म्हणूनच तबल्याला निश्चित सूर असतो. काळी एकमध्ये (पेटीची पहिली काळी पट्टी षड्ज धरून) गाणाऱ्या पुरुषाचा मध्य षड्ज १३८.६ हर्ट्झवर असतो आणि दायाँ (उजव्या हाताचा तबला) बहुधा त्याच्या दुप्पट, २७७ हर्ट्झच्या षड्जाला लावलेला असतो. तो थोडा उतरला, तर त्याचे सारेच उपस्वर तानपुऱ्याशी आणि पेटीशी भांडतात आणि कोणताही ईक्यू (निवडलेला सूरपट्टा कमी-जास्त करणारे साधन) ते भांडण मिटवू शकत नाही. प्रत्येक टेकआधी हातोडी हातात घ्यावी आणि गट्टे ठोकून सूर पाहून घ्यावा. नवशिक्याने दोन्ही भांड्यांच्या मध्यभागी, वर अर्ध्या मीटरच्या आत एकच माइक लावावा. दोन माइक लावल्यास एकच आवाज दोन्हींकडे थोड्या फरकाने पोहोचतो. १ मीटरच्या फरकाला सुमारे ३ मिलिसेकंद लागतात आणि एवढ्या अंतराने दोन ट्रॅक मिसळले की आवाज पोकळ होतो.

टाळ नेहमी दूरून, दीड मीटरवरून किंवा वेगळे मुद्रित करावेत. इलेक्ट्रॉनिक तानपुरा किंवा मोबाइलमधला तानपुरा खोलीत वाजवून माइकने टिपू नये; तो गायकाला हेडफोनमध्ये द्यावा आणि ट्रॅक मात्र तारेने थेट घ्यावा. लयीसाठी क्लिक (हेडफोनमधली ठरावीक लयीची टिकटिक) वापरावी की नाही हा ज्याच्या त्याच्या पसंतीचा प्रश्न असला, तरी माझे मत स्पष्ट आहे: भजनी ठेक्यातल्या अभंगात क्लिक नसावी. गजरापर्यंत जाताना लय नकळत चढते आणि ती चढू द्यायला हवी. गायक आणि तबलजी एकमेकांना पाहत एकत्र गायले-वाजवले, तर आवाजांची थोडी गळती होते, पण ती त्या चढत्या लयीची वाजवी किंमत आहे.

केवळ फेडर

सॉफ्टवेअर कोणते, यात फार वेळ घालवू नये. रीपर ६० दिवस कोणत्याही मर्यादेविना वापरून पाहता येते, आर्डर मुक्त स्रोताचे आहे, मॅकवर गॅरेजबँड विनामूल्य मिळते. पाच ट्रॅकच्या अभंगाला यांपैकी कोणतेही पुरते.

पहिले काही दिवस एकही प्लगइन (ईक्यूसारखे सॉफ्टवेअरमधले जोडसाधन) न लावता काम करावे. सर्व फेडर खाली घ्यावेत, सगळे ट्रॅक मोनोमध्ये (डावे-उजवे वेगळे न करता) ऐकावेत आणि गायकाचा आवाज सोयीच्या पातळीवर आणून ठेवावा; त्यानंतर तो हलवायचा नाही. मग तबला इतका वाढवावा की ठेका पायाला कळेल, पण शब्दाचे पहिले अक्षर बोलाखाली जाणार नाही. पेटी शून्यातून हळूहळू वर आणावी आणि ती बंद केल्यावर उणीव भासेल, अशा पहिल्याच जागी थांबावे. तानपुरा गायक श्वास घेतो तेव्हाच ऐकू यावा. टाळ सर्वात शेवटी आणि वाटते त्यापेक्षा थोडे कमी ठेवावेत.

हे सारे कमी आवाजात, शेजारी बसलेल्याशी स्वर न चढवता बोलता येईल एवढ्याच पातळीवर करावे. फ्लेचर आणि मन्सन यांनी १९३३ मध्ये प्रसिद्ध केलेल्या आलेखांतून हे स्पष्ट झाले होते की, आवाज मोठा केला की मानवी कानाला खर्ज आणि अतितार दोन्ही प्रमाणाबाहेर वाढल्यासारखे भासतात. मोठ्या आवाजात कोणतेही मिक्स चांगलेच वाटते. कमी आवाजात शब्द स्पष्ट कळला, तर तो सर्वत्र कळतो. दर पाऊण तासाने उठून दहा मिनिटे शांततेत घालवावीत.

तोल जमल्यावर मोनोतून बाहेर यावे. गायक आणि तबला मध्यभागी, पेटी थोडी डावीकडे, टाळ थोडे उजवीकडे, तानपुरा स्टिरिओ असल्यास दोन्ही बाजूंना पसरलेला, एवढे पुरे होते. दायाँ एका कानात आणि डग्गा दुसऱ्या कानात ठेवण्याचा मोह टाळावा. समोर बसलेल्या श्रोत्याला तबला असा दोन कानांत फाटलेला कधीच ऐकू येत नाही.

आवाज आणि पेटी यांचा झगडा

अभंगाच्या मिक्सिंगमधला खरा अवघड भाग हा आहे. पेटी गायकाच्या मागोमाग तेच स्वर, त्याच सप्तकात किंवा एक सप्तक वर वाजवते. तिच्या सुरात खंड नसतो आणि तिच्या धातूच्या पत्त्यांचे (रीडचे) उपस्वर २ ते ४ हजार हर्ट्झच्या पट्ट्यात भरगच्च असतात. नेमक्या याच पट्ट्यात मानवी कान सर्वात तीक्ष्ण असतो आणि व्यंजनांची स्पष्टताही येथेच असते. परिणामी पेटी मोठी नसली, तरी तिच्या आडोशाला शब्द जातात. अशा वेळी बहुतेक जण गायकाच्या आवाजात हा पट्टा वाढवतात आणि मग आवाज कानाला टोचू लागतो. उलट करावे. पेटीच्या ट्रॅकवर अडीच हजार हर्ट्झच्या आसपास रुंद पट्ट्यात २ ते ४ डेसिबल कमी करावेत आणि गायकाच्या ट्रॅकला हात लावू नये. पेटी एकटी ऐकली तर थोडी मंद वाटेल. एकत्र ऐकल्यावर ती पूर्वीसारखीच वाटते आणि शब्द मात्र पुढे येतात. ईक्यूचा कोणताही निर्णय ट्रॅक एकटा ऐकून घेऊ नये, तो याच कारणासाठी.

दोन कडव्यांमधल्या जागेत पेटी एकटी वाजते, तेव्हा तिची चमक परत हवी असते. टीडीआर नोव्हासारखा विनामूल्य डायनॅमिक ईक्यू (गरजेपुरताच काम करणारा ईक्यू) पेटीवर लावून त्याला गायकाच्या ट्रॅकचा इशारा दिला, तर गायक गात असतानाच तो पट्टा दबतो आणि गायक थांबताच मोकळा होतो. हे जमेपर्यंत साधा मार्ग म्हणजे पेटीचा फेडर कडव्यात दीड-दोन डेसिबल खाली आणि मधल्या जागेत वर असा ऑटोमेशनने (सॉफ्टवेअरमध्ये आधी आखून ठेवलेल्या हालचालीने) हलवणे. खरे तर संगत करणारा उत्तम पेटीवादक हाताने हेच करतो.

गायकाच्या आवाजातला अनावश्यक खर्ज काढण्यासाठी हाय-पास फिल्टर लावतात. तो कुठे लावायचा हे पट्टीवरून ठरवावे, ऐकीव आकड्यावरून नव्हे. काळी एकमध्ये गाणारा पुरुष मंद्र पंचमावर गेला, तर तो सुमारे १०४ हर्ट्झवर असतो. तेथे १२० हर्ट्झचा फिल्टर लावला, तर त्या स्वराचा पायाच जातो. त्याला ८० पुरेसे आहे. काळी पाचमध्ये गाणाऱ्या स्त्रीचा मंद्र पंचम १७५ हर्ट्झच्या जवळ असल्याने तिच्यासाठी १३० पर्यंत जायला हरकत नाही.

मराठी उच्चारांची एक वेगळी अडचण येथेच सांगायला हवी. ‘चार’मधला तालव्य च आणि ‘चांगला’मधला दंततालव्य च यांपैकी दुसऱ्यात स-काराचे घर्षण अधिक असते, आणि तसेच ज-झ यांचेही आहे. हे घर्षण साधारण ५ ते ८ हजार हर्ट्झच्या पट्ट्यात येते. डी-एसर (स-काराची तीक्ष्णता दाबणारे साधन) जोरात लावला, तर ‘चांगला’चा च बोबडा होतो. म्हणून मी डी-एसर ३ डेसिबलच्या पुढे जाऊ देत नाही आणि उरलेली तीक्ष्ण अक्षरे एकेक निवडून त्यांची पातळी हाताने उतरवतो. चार मिनिटांच्या अभंगाला या कामासाठी अर्धा-पाऊण तास लागतो आणि तो देण्यासारखा आहे.

कॉम्प्रेसर आणि अवकाश

कॉम्प्रेसर मोठा आवाज ठरलेल्या प्रमाणात दाबतो, एवढेच त्याचे काम. आलापीत कुजबुजल्यासारखा आणि गजरात टिपेला गेलेला, असा गायकाच्या पातळीतला मोठा फरक त्याच्यावर सोपवू नये; आधी ओळीओळीने फेडर ऑटोमेशन करून तो निम्मा करावा. मग ३ : १ चे प्रमाण, १० ते २० मिलिसेकंदांचा अटॅक (दाब बसायला लागणारा वेळ), १०० मिलिसेकंदांच्या आसपासचा रिलीज (दाब सुटायला लागणारा वेळ) ठेवून सर्वात मोठ्या जागी ३ ते ५ डेसिबल दाब येईल असा थ्रेशोल्ड (ज्या पातळीपासून दाब सुरू होतो ती) लावावा. तबल्यावर अटॅक याहून मोठा, ३० मिलिसेकंदांपर्यंत ठेवावा, नाहीतर चाटेवरच्या ‘ना’ची टोकदार सुरुवातच बोथट होते. पेटीला आणि तानपुऱ्याला कॉम्प्रेसरची गरज मला क्वचितच भासली आहे.

रिव्हर्ब (कृत्रिम घुमारा) प्रत्येक ट्रॅकवर वेगवेगळा न लावता एका सामायिक बसवर (अनेक ट्रॅक एकत्र येतात त्या मार्गिकेवर) लावावा आणि त्यात प्रत्येक ट्रॅक हवा तेवढा पाठवावा, म्हणजे सारे एकाच सभामंडपात बसल्यासारखे वाटतात. दीड सेकंदाचा ऱ्हासकाळ (घुमारा विरण्याचा वेळ) आणि गायकासाठी ३० मिलिसेकंदांचा प्री-डिले (घुमारा सुरू होण्याआधीची सवड) ही चांगली सुरुवात आहे. प्री-डिलेमुळे शब्द आधी पोहोचतो आणि गाभाऱ्याचा घुमारा मागून येतो. रिव्हर्बच्या बसवर २०० हर्ट्झच्या खालचे सर्व कापावे. डग्गा वेगळ्या ट्रॅकवर असल्यास तो रिव्हर्बमध्ये मुळीच पाठवू नये.

मास्टरिंग

मिक्स झाल्यावर मुख्य बसवर काहीही न लावता, शिखर उणे ६ डेसिबलच्या आसपास ठेवून २४ बिटांची फाइल काढावी आणि दोन-तीन दिवस ती ऐकू नये. त्यानंतर नव्या प्रकल्पात ती फाइल आणि आपल्याला आवडणारे त्याच प्रकारचे एखादे उत्तम ध्वनिमुद्रण शेजारी शेजारी ठेवून, दोन्हींची श्राव्य पातळी सारखी करून ऐकावे. पातळी सारखी न करता केलेल्या तुलनेत मोठा आवाज नेहमी जिंकतो. आपल्या गाण्यात काही कमी-जास्त वाटले, तर रुंद पट्ट्यात १ डेसिबलपर्यंतचाच बदल करावा. त्याहून अधिक लागत असेल, तर मिक्सकडे परत जावे.

शेवटी लिमिटर, म्हणजे आवाज ठरलेल्या छतापलीकडे जाऊ न देणारे साधन. आज गाणी ऐकवणारे मंच श्राव्य पातळी एलयूएफएस या एककात मोजून स्वतःच समान करतात. स्पॉटिफाय मूळ मांडणीत उणे १४ आणि ॲपल म्युझिक उणे १६ च्या आसपास आणते. अभंग उणे ८ पर्यंत दाबून पाठवला, तर तो स्पॉटिफायवर ६ डेसिबल खाली उतरवला जातो आणि दबलेल्या तबल्याचा गेलेला जीव मात्र परत येत नाही. विनामूल्य मिळणाऱ्या युलीन लाउडनेस मीटरवर संपूर्ण गाणे मोजावे, उणे १४ ते उणे १६ च्या दरम्यान थांबावे आणि लिमिटरचे छत उणे १ डेसिबल ट्रू पीकवर (वाजवताना प्रत्यक्ष येणाऱ्या शिखरावर) ठेवावे, कारण एमपी३ किंवा एएसी करताना शिखरे थोडी वाढतात. सीडीसाठी १६ बिट, ४४.१ किलोहर्ट्झची प्रत काढायची असल्यास अगदी शेवटच्या पायरीवर आणि एकदाच डिदर (बिट कमी करताना मिसळायची अतिसूक्ष्म खरखर) लावावा.

तयार फाइल मोबाइलच्या स्पीकरवर, हेडफोनवर आणि मोटारीत अथपासून इतिपर्यंत ऐकावी. मोबाइलवर डग्ग्याचा खर्ज जवळजवळ ऐकू येणार नाही, पण ठेका कळायला हवा; तो कळत नसेल, तर डग्ग्यात २०० ते ४०० हर्ट्झचा भाग किंचित वाढवून पुन्हा फाइल काढावी. सुरुवातीला पहिल्या शब्दाच्या आधी तानपुऱ्याला दोन-तीन आवर्तने मिळाली आहेत ना आणि शेवटच्या टाळाचा नाद पूर्ण विरल्यावरच तानपुरा उतरतो ना, हे पाहून घ्यावे आणि मगच फाइलला अंतिम नाव द्यावे.